कॉलेज सगळ्यात शेवटी निवडा: परदेशी पदवी, नोकरी आणि पीआर यांचा उलटा हिशेब

परदेशातली कोणतीही युनिव्हर्सिटी पीआर, म्हणजे त्या देशात कायम राहण्याची परवानगी, देत नाही. ती पदवी देते, फार तर नोकरी शोधायला हातभार लावते. पीआर देतं तिथलं सरकार. ते देताना सरकार बघतं की पदवीनंतर तुम्ही नेमकं कोणतं काम करता, किती वर्षं करता, पगार किती, वय काय आणि भाषा किती येते. एवढा फरक घरात सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला, तर लाखो रुपये आणि उमेदीची तीन-चार वर्षं वाचू शकतात.

मी रत्नागिरीत पदवीच्या मुलांना शिकवते. आंब्याचा हंगाम आटोपला, पेट्यांचे पैसे हाती आले की पालक भेटायला येऊ लागतात. मालवणकडचे एक काका मुलाचं कॅनडातल्या कॉलेजचं ऑफर लेटर घेऊन आले होते. मुलगा बी.कॉम. झालेला, कोर्स दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा. फी, राहणं-खाणं, विमान सगळं धरून कर्ज पंचवीस लाखांच्या घरात. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, झिलाक थंय पीआर गावतली मां?’’ लेटर खरं होतं, कॉलेजही सरकारमान्य होतं. तरी त्या कोर्सवरून पीआरकडे जाणारा रस्ता पहिल्याच वळणावर बंद होता. तो का, ते कॅनडाच्या भागात सांगते. आधी सगळ्या देशांना लागू पडणारी गोष्ट.

एक नाही, चार परवानग्या

शिकायला जाण्यापासून कायमचं राहण्यापर्यंत चार वेगवेगळ्या परवानग्या लागतात. पहिली, शिकण्याचा व्हिसा. दुसरी, शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ कुठेही काम करण्याचा परवाना. मुलं त्याला नुसतं ‘पोस्ट स्टडी’ म्हणतात. तिसरी, नोकरीवर मिळणारा व्हिसा, जो बऱ्याच देशांत मालकानं कागद केल्याशिवाय मिळत नाही. चौथी पीआर. एक मिळाली म्हणून पुढची आपोआप मिळत नाही. प्रत्येकीचे नियम वेगळे, आणि तुम्ही शिकत असताना ते बदलू शकतात.

एजंटकडची चर्चा बहुधा पहिल्या परवानगीपाशी थांबते, कारण त्याचं काम तिथे संपतं. बहुतेक एजंटांना प्रवेशामागे कॉलेजकडून कमिशन मिळतं, म्हणून त्यांचा सल्ला आपल्याला फुकट पडतो. यात बेकायदा काही नाही. पण चौथ्या परवानगीची काळजी आपली आपणच करायची आहे, हे ओळखून त्या खुर्चीत बसावं.

म्हणून हिशेब उलटा मांडायचा. त्या देशात कोणत्या कामांवर पीआर मिळते, हे आधी बघायचं. मग ते काम करायला नोंदणी किंवा लायसन्स लागतं का. लागत असेल तर ते कोणत्या पदवीवर मिळतं. आणि अगदी शेवटी, ती पदवी कोणत्या कॉलेजात परवडेल अशा फीत मिळते. कोकण रेल्वेनं विलवड्याला उतरायचं असेल तर समोर लागली म्हणून राजधानीत कुणी चढत नाही. आपल्या स्टेशनवर थांबणारी गाडी आधी शोधतो. इथेही तेच करायचं.

पदवीच्या नावापेक्षा कामाचा कोड मोठा

प्रत्येक सरकारनं देशातली सगळी कामं यादीत बसवून प्रत्येक कामाला एक कोड दिलेला आहे. कॅनडाच्या यादीला एनओसी (नॅशनल ऑक्युपेशनल क्लासिफिकेशन) म्हणतात. त्यात कामांचे टीअर ० ते ५ असे दर्जे आहेत, आणि पीआरच्या मुख्य मार्गांत टीअर ० ते ३चाच अनुभव धरला जातो. दुकानात कॅशियरचं काम टीअर ५मध्ये येतं. त्याच दुकानातल्या सुपरवायझरचं काम टीअर २मध्ये. दोघं एकाच कॉलेजातून एकच पदवी घेऊन बाहेर पडलेले असले, तरी वर्षभरानंतर एकाचं वर्ष मोजलं जातं, दुसऱ्याचं वाया जातं.

म्हणून कोर्स बघताना ‘स्कोप आहे का’ असं मोघम विचारू नका. हा कोर्स झालेली मुलं कोणत्या पदावर लागतात, त्या पदाचा कोड काय, आणि तो कोड आजच्या यादीत आहे का, असं विचारा. हे तीन प्रश्न कॉलेजला ईमेलनं पाठवले तर उत्तर लेखी मिळतं. मोघम उत्तर आलं, तर तेही एक उत्तरच आहे.

कॅनडा: बेरीज स्वतः करून बघा

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीची पद्धत २०१५पासून चालू आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मिळतात, आणि सरकार वेळोवेळी सोडत काढून वरच्या गुणांच्या लोकांना पीआरसाठी बोलावतं. हे गुण घरी बसून मोजता येतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडते.

समजा मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, अविवाहित. भारतात बी.एस्सी., मग कॅनडात मास्टर्स. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर सीएलबी ९. पदवीनंतर तिथे एक वर्ष योग्य दर्जाची नोकरी. वयाचे ११०, मास्टर्सचे १३५, इंग्रजीचे १२४, कॅनडातल्या एका वर्षाच्या अनुभवाचे ४०. शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे ५०, शिक्षण आणि अनुभव यांच्या जोडीचे २५, कॅनडातच मास्टर्स केल्याचे ३०. बेरीज ५१४.

२०२५मध्ये कॅनडातल्या अनुभवावर निघालेल्या सोडती साधारण ५१५ ते ५४७ या पट्ट्यात बंद झाल्या, म्हणजे शेवटच्या बोलावलेल्याचे गुण तेवढे होते. म्हणजे एवढं सगळं नीट करूनही ही मुलगी उंबरठ्यावरच अडते. आता तिला नोकरीचं दुसरं वर्ष पूर्ण करू द्या. अनुभवाचे ४०चे ५३ होतात, जोडीचे २५चे ५० होतात, आणि बेरीज ५५२वर जाते. दुसऱ्या वर्षानं ३८ गुण दिले! म्हणूनच पोस्ट स्टडी परवाना किती वर्षांचा मिळतो, ही बाब युनिव्हर्सिटीच्या रँकिंगइतकीच महत्त्वाची आहे. फेब्रुवारी २०२४पासून कॅनडा किमान आठ महिन्यांच्या मास्टर्सलाही तीन वर्षांचा परवाना देतो. तीन वर्षांत नोकरी शोधायला सहा-आठ महिने गेले तरी दोन वर्षं हातात राहतात.

आता काकांच्या मुलाकडे येऊ. बी.कॉम. आणि त्यावर दोन वर्षांचा डिप्लोमा, वय-भाषा तीच धरली, तर शिक्षणाचे १२८ आणि कॅनडातल्या शिक्षणाचे १५. एका वर्षाच्या अनुभवावर ४९२, दोन वर्षांवर ५३०. हे आकडे अगदीच वाईट नाहीत. पण १ नोव्हेंबर २०२४पासून ज्यांनी स्टडी परमिटचा अर्ज केला, त्यांच्यासाठी नियम असा झाला की पदवी नसलेल्या कोर्सवर, म्हणजे कॉलेजच्या डिप्लोमा-सर्टिफिकेटवर, पोस्ट स्टडी हवं असेल तर तो कोर्स सरकारनं ठरवलेल्या विषयांच्या यादीत असावा लागतो. आरोग्य, शेती, तंत्रज्ञान, कारागिरीची कामं असे ते विषय आहेत. सर्वसाधारण बिझनेस मॅनेजमेंट त्यात नाही. परवानाच नाही म्हटल्यावर ५३०ची बेरीज कागदावरच राहते. शिकून झालं की परत यायचं. हाच मुलगा बॅचलर किंवा मास्टर्सला गेला असता तर विषयाची ही अट त्याला लागली नसती. फक्त भाषेची लागली असती.

याच प्रकारचा आणखी एक सापळा: सरकारी कॉलेजचं नाव आणि शिकवणी मात्र खासगी संस्थेच्या इमारतीत, अशा भागीदारीतल्या कोर्सना १५ मे २०२४पासून सुरू झालेल्या बॅचपासून पोस्ट स्टडी मिळत नाही. ऑफर लेटरवर कॅम्पसचा पत्ता नीट वाचावा.

दोन गोष्टी मात्र उमेद वाढवणाऱ्या आहेत. एखाद्या प्रांतानं नामांकन दिलं तर थेट ६०० गुण मिळतात, म्हणून टोरंटोच्या पलीकडे बघायला हरकत नाही. दुसरी गोष्ट फ्रेंच. फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी सोडत निघते, आणि मार्च २०२५मध्ये ती ३७९ गुणांवर बंद झाली. पदवीची तीन वर्षं इथे असतानाच जो मुलगा नेटानं फ्रेंच शिकेल, त्याला मी आज कॅनडासाठी सगळ्यात जास्त तयार समजते. उलट ‘आम्ही नोकरीचं पत्र मिळवून देतो, गुण वाढतील’ असं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं. नोकरीच्या पत्राचे गुण मार्च २०२५मध्येच काढून टाकले आहेत.

जर्मनी: फी कमी, भाषेची मेहनत जास्त

कोकणातल्या मध्यमवर्गीय घराला खर्चाच्या बाजूनं सगळ्यात झेपणारा देश माझ्या मते जर्मनी आहे. बहुतेक राज्यांतल्या सरकारी युनिव्हर्सिटींत शिकवणी फी नाही. सेमिस्टरचं थोडं वर्गणीवजा शुल्क असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही आता फी लावली आहे. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ते पैसे कुणी घेत नाही. महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे ते आपल्यालाच परत मिळत राहतात.

पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. जर्मन युनिव्हर्सिटीची पदवी हातात असेल, शिक्षणाला साजेशी नोकरी दोन वर्षं केली असेल, त्या काळात पेन्शनची वर्गणी भरली असेल आणि जर्मन बी-वन या मधल्या पातळीपर्यंत येत असेल, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. इथे गुणांची शर्यत नाही. अटी पूर्ण केल्या की तुमच्या पुढे कुणी रांगेत उभा नसतो. माझ्यासारख्या धास्तावलेल्या शिक्षकाला याचं मोल फार वाटतं, कारण मुलाला पहिल्या दिवशी सांगता येतं की तुला नेमकं काय काय करायचं आहे.

कठीण भाग भाषेचा. मास्टर्स इंग्रजीत करता येतं, म्हणून मुलं जर्मन पुढे ढकलतात. मग पदवी हातात येते, आणि आयटी सोडलं तर बहुतेक कंपन्यांत मुलाखतच जर्मनमध्ये असते. अठरा महिने भराभर जातात. एफ.वाय.ला असतानाच ए-वन, म्हणजे पहिली पातळी, सुरू केलं तर टी.वाय. संपेपर्यंत बी-वन होतं. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाच्या परीक्षा देता येतात, आणि वर्ग ऑनलाइन असल्यानं देवरुख-लांज्यातल्या मुलांनाही आता अडचण नाही. शिवाय नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आपल्या पदव्या खऱ्या आहेत की नाहीत, हे ते तपासतात. त्याला आठवडे लागतात, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी करावा.

खासगी जर्मन युनिव्हर्सिटीची जाहिरात दिसली तर थांबून विचार करा. तिथे फी घसघशीत असते, आणि ज्या कारणासाठी आपण जर्मनी निवडत होतो ते कारणच उरत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि बाकीचे देश

ऑस्ट्रेलियात कळीचा शब्द आहे स्किल असेसमेंट. पदवी मिळाली तरी त्या-त्या व्यवसायाची संस्था तुमची पात्रता स्वतंत्रपणे तपासते: इंजिनिअरसाठी एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, आयटीसाठी एसीएस, शिक्षकांसाठी एआयटीएसएल. तिचा होकार नसेल तर पीआरचा अर्जच करता येत नाही. म्हणून कोर्सला त्या संस्थेची मान्यता आहे का, हे आधी बघायचं. पोस्ट स्टडी व्हिसाची वयोमर्यादा जुलै २०२४पासून बहुतेकांसाठी ३५ वर आली आहे, त्यामुळे इथे दहा वर्षं नोकरी करून मग जाऊ म्हणणाऱ्यांनी तारीख मोजावी. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे आपल्या मुलांना मास्टर्सनंतर इतरांपेक्षा एक वर्ष जास्त, म्हणजे तीन वर्षं मिळतात. पीआरच्या गुणांसाठी ६५ हा किमान आकडा आहे, पण बोलावणं बहुधा त्याच्या बऱ्याच वर येतं. सिडनी-मेलबर्न-ब्रिस्बेन सोडून लहान शहरांत शिकलं तर जादा गुण मिळतात आणि ४९१ हा प्रादेशिक व्हिसाही खुला होतो. त्यावर तीन वर्षं काढली आणि अटी पाळल्या की पीआर. विद्यार्थी व्हिसाची फीच २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि नकार आला तर ती परत मिळत नाही, हेही खर्चात धरा.

इंग्लंडचं एक वर्षाचं मास्टर्स मोहात पाडतं, कारण लवकर संपतं. पण पीआरच्या हिशेबात ते आज मला अवघड दिसतं. पोस्ट स्टडी दोन वर्षांचं आहे, १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचंच मिळेल, आणि तो काळ कायम वास्तव्याच्या पाच वर्षांत धरला जात नाही. ती वर्षं स्किल्ड वर्कर व्हिसावर मोजली जातात. त्याची सर्वसाधारण पगाराची अट जुलै २०२५पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नुकत्याच पदवी घेतलेल्यांना सवलतीनं ३३,४००. पाचाऐवजी दहा वर्षं करण्याचा प्रस्तावही तिथल्या सरकारनं मे २०२५मध्ये मांडला.

अमेरिका शिकायला आणि कमवायला उत्तम. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर तीन वर्षं ओपीटी, म्हणजे तिथलं पोस्ट स्टडी, मिळतं. पण त्यानंतरचा नोकरीचा एच-वन-बी व्हिसा लॉटरीनं, वर्षाला ८५,०००. आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही. भारतीयांची संख्या मोठी, त्यामुळे रांग एका दशकाहून मोठी. कॅनडाचा किंवा कुणाचा पासपोर्ट घेतला तरी मोजला जातो जन्मदेश. पीआर हेच उद्दिष्ट असेल तर अमेरिकेला जाऊ नये, असं मी मुलांना स्पष्ट सांगते.

आयर्लंड लहान देश, पण नियम सरळ. मास्टर्सनंतर दोन वर्षं, मग क्रिटिकल स्किल्स यादीतली नोकरी मिळाली तर दोन वर्षांनी मालकावर अवलंबून नसलेली परवानगी. घरभाडं मात्र जबर. न्यूझीलंडची ग्रीन लिस्ट वाचायला सोपी आहे: पहिल्या गटातल्या कामाची नोकरी मिळाली की थेट निवासाचा अर्ज, दुसऱ्या गटात दोन वर्षं काम केल्यावर.

आपल्याकडच्या मुलांसाठी

कोकणात नर्सिंगच्या मुली खूप आहेत, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात मजबूत हात त्यांचाच आहे. न्यूझीलंडच्या यादीत नोंदणीकृत नर्स पहिल्या गटात. इंग्लंडनं व्हिसाला लागणारी कामाची पातळी वाढवली तरी नर्स त्यात टिकली. कॅनडात आरोग्यसेवेची वेगळी सोडत निघते. पण नर्सनं परत मोठी फी भरून मास्टर्सला जाण्याआधी विचारावं की मला पदवीची गरज आहे की नोंदणीची? बी.एस्सी. नर्सिंग आणि अनुभव असेल तर इंग्लंडसाठी इंग्रजीची परीक्षा, एक संगणकावरची आणि एक प्रात्यक्षिक परीक्षा, एवढ्यावर नोंदणी होऊ शकते. कणकवलीकडची एक विद्यार्थिनी ‘हेल्थकेअर मॅनेजमेंट’च्या मास्टर्ससाठी कर्ज काढायच्या बेतात होती. त्या पदवीवर ती तिथे नर्स म्हणून नोंदणीच करू शकली नसती. तिनं तो विचार सोडला आणि ओईटीच्या, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, तयारीला लागली.

बारावीनंतर लगेच बाहेर पडायचं असेल, तर जर्मनीतली नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकण्याचा कोर्स, बघण्यासारखी आहे. तीन वर्षं शिकायचं, त्या काळात महिन्याला भत्ता मिळतो, फी नाही. बदल्यात जर्मन भाषा निदान बी-वनपर्यंत आणि अंगमेहनतीची तयारी हवी. आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियन, वेल्डर मुलांनीही हा मार्ग समजून घ्यावा. पदवी नाही म्हणून दबून राहायचं कारण नाही. कॅनडात कारागिरांच्या कामाची वेगळी सोडत असते.

डी.एड., बी.एड. करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणाऱ्या मुलींची संख्या आपल्याकडे मोठी आहे. लहान मुलांचे शिक्षक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला हवे आहेत. कॅनडानंही २०२५मध्ये शिक्षण क्षेत्राची वेगळी सोडत सुरू केली, आणि बालशिक्षिकेचं काम त्यात आहे. इंग्रजीची अट शिक्षकांना इतरांपेक्षा कडक असते, तेवढी तयारी हवी.

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांनी देश जपून निवडावा. ऑस्ट्रेलियात शेफच्या कामाला अजून मागणीच्या यादीत जागा आहे. इंग्लंडनं जुलै २०२५पासून बाहेरून नव्यानं येणाऱ्या शेफना स्किल्ड वर्कर व्हिसा बंद केला. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांनी टास्मानियाकडे बघावं, तिथे सामन माशांचा मोठा उद्योग आहे आणि सगळा टास्मानिया प्रादेशिक भागात मोडतो. न्यूफाउंडलंडला मेमोरियल युनिव्हर्सिटीची मरीन इन्स्टिट्यूट आहे. अर्थात कामाचा कोड इथेही आधी.

पैशाचा भाग

परदेशी शिक्षणाच्या कर्जाला बँका साधारणपणे साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. इथे कोकणातली घरं अडतात. सातबारावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, वाटणी झालेली नाही. अशी सामाईक जमीन बँक धरत नाही. तिला स्पष्ट मालकीची, शक्यतो बिगरशेती मालमत्ता हवी असते. आंब्याचं आणि मासळीचं उत्पन्न रोखीत, आंब्याचं तर शेतीचं म्हणून करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणपत्रात दिसत नाही. मुलगा दहावीत असतानाच वारस नोंदी लावून घ्या आणि हंगामाचे पैसे खात्यातून फिरवायला लागा. व्हिसा अधिकारी अर्जाच्या आदल्या महिन्यात अचानक आलेल्या मोठ्या रकमेकडे संशयानं बघतो.

पंचवीस लाख, अकरा टक्के, दहा वर्षं, असं कर्ज धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४,४०० रुपये बसतो, आणि शिकताना चढलेलं व्याज वेगळं. कागदावर हा आकडा लिहून घरात सगळ्यांसमोर ठेवा आणि विचारा: पीआर झाली नाही, पोरगा रत्नागिरीला परत आला, तर हा हप्ता कोण फेडणार? उत्तर ‘बाग विकून’ असं असेल तर तो कोर्स घेऊ नका. स्वस्त देश, लहान शहर किंवा दोन वर्षं इथे नोकरी करून मग जाणं, हे तिन्ही मार्ग बाग विकण्यापेक्षा बरे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ओबीसी आणि मराठा समाजासाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. त्यांच्या जाहिराती मुदत संपत आल्यावर कळतात, म्हणून संकेतस्थळ स्वतः बघत राहावं.

कागदपत्रं

पीआरसंबंधी सल्ला पैसे देऊन घ्यायचा असेल तर कॅनडासाठी आरसीआयसी परवाना असलेला आणि ऑस्ट्रेलियासाठी मारा नोंदणी असलेलाच सल्लागार घ्या. दोन्हींची यादी नाव टाकून तपासता येते. कॉलेज आणि कोर्स यांची खात्री मात्र त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच करा: कॅनडात मान्य कॉलेजांची डीएलआय यादी, ऑस्ट्रेलियात कॉलेज-कोर्सची क्रिकोस यादी. डीएलआय यादीतला कॉलेजचा क्रमांक आणि क्रिकोसमधला कोर्स कोड ऑफर लेटरशी अक्षर न् अक्षर जुळवा.

आणि मार्कशीट, पासपोर्ट, जन्मदाखला समोर ठेवून नावं वाचा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षर, एकीकडे गावकर तर दुसरीकडे गांवकरचं स्पेलिंग, आणि लग्न झालेल्या मुलींची दोन आडनावं. परदेशी कचेरीला ही दोन वेगळी माणसं वाटतात. राजपत्रात नावबदल, पासपोर्टातली दुरुस्ती आणि मुंबई विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट यांत सहज दोन-तीन महिने जातात, म्हणून ही कामं निकालाची वाट न बघता शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावीत.